प्रभूच्या कानावर

आमच्या घरात नवरा-बायको भांडायचे ते डोळे मिटून आणि गुडघे टेकून.

सगळ्याच घरांत असं चालत असेल, अशी माझी लहानपणी समजूत होती. नेवासे तालुक्यातलं गाव, मिशनच्या शाळेला लागून मास्तरांचं दोन खणांचं घर. आई-पप्पा नोकरीपायी मुंबईत आणि आम्ही दोघं भाऊ आजी-आजोबांकडे. रात्रीची जेवणं आटोपली की आजी चुलीतले निखारे राखेत झाकायची. आजोबा कोनाड्यातून मेणकापडात गुंडाळलेलं पवित्र शास्त्र काढायचे. एक अध्याय, एक गायन, मग ते कंदिलाची वात खाली करायचे. प्रार्थनेला उजेड लागत नाही आणि रॉकेल फुकट मिळत नाही, हा त्यांचा हिशेब. गोधडीवर ओळीने सगळ्यांचे गुडघे. आधी आजोबा, मग आजी, मग वयाने उतरत उतरत आम्ही पोरं. माझी पाळी येईपर्यंत मी बहुतेक वेळा तसाच ओणवा झोपलेला असायचो.

१९७२ च्या दुष्काळातली एक रात्र मात्र जागेपणी आठवते. तेव्हा रेशनवर ती तांबडी मिलो ज्वारी मिळायची. तिची भाकरी थापताना तुटायची आणि खाताना घशात अडकायची, पण तीही मोजून होती. आजोबांनी अर्धं पोतं कोणालातरी देऊन टाकलं होतं. आजी दिवसभर अवाक्षर बोलली नाही. रात्री तिची पाळी आली.

“प्रभू बापा, पोतं अर्ध्यावर आलंय हे तुला ठाऊक आहे. कोणी दिलं, कोणाला दिलं, तेही तुला ठाऊक आहे. ज्यांनी दिलं त्यांना एवढंच विचार, की या लेकरांच्या पोटात परवा काय घालायचं. आमेन.”

आजोबांची पाळी होऊन गेली होती. पण शेवटी सगळ्यांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणायची असे, तिच्या आधी ते हळूच वाट काढायचे. “आणखी एक विनंती, प्रभू. तुझी दासी बोलली ते खरं आहे. पण त्या घरात तीन दिवस चूल पेटली नव्हती. तेवढं तिच्याही कानावर घाल.” मग आम्ही सगळ्यांनी एका सुरात रोजची भाकरी मागितली.

सकाळी आजी स्वतः त्या घरी जाऊन आली. येताना पुटपुटत होती, “तीन नाही, दोनच दिवस.”

मास्तरांचं घर म्हणजे सगळ्या वस्तीचे डोळे त्या घरावर. आजोबा आठवडाभर शाळा घ्यायचे आणि पाळकसाहेब नसतील त्या रविवारी उपदेशही तेच करायचे. अशा घरात आवाज चढवून भांडणं परवडणारं नव्हतं. मधली भिंत कुडाची, पलीकडे शाळेचा शिपाई. पण प्रार्थनेची गोष्ट निराळी. प्रार्थना करणाऱ्याला मध्येच तोडता येत नाही. आजीसारख्या बाईला, जिने चारचौघांत नवऱ्याशी मान वर करून बोलायचं नाही असा काळ होता, रोज रात्री दोन-तीन मिनिटं हक्काची मिळत होती. नवरा समोर, तोंड मिटलेलं, ऐकण्यावाचून इलाज नाही. तिच्या पिढीच्या किती बायकांना ही सोय होती?

ही रीत आजीने घरात आणली नव्हती. ती आली पणजीकडून.

अमेरिकन मराठी मिशनची माणसं १८१३ मध्ये मुंबईत उतरली आणि १८३१ मध्ये नगरला आली. आमच्या घराचा त्यांच्याशी संबंध आला तो फार उशिरा, १८९९-१९०० च्या दुष्काळात. आमची माणसं महारवाड्यातली. पणजी सांगायची, की दुष्काळाआधीही वाट्याला जनावराचं हाडच होतं, दुष्काळात ते हाडही चघळून झालं. मिशनने कामं काढली, धान्य दिलं, पोरांना शाळेत घातलं. धान्यासाठी ख्रिस्ती झालात का, असं कोणी कुत्सितपणे विचारलं तर पणजीचं उत्तर ठरलेलं असायचं, “धान्य चार महिन्यांत संपलं. आम्ही अजून इथंच आहोत.”

पणजी-पणजोबांचा बाप्तिस्मा जोडीने झाला, एका दिवशी, एका ओळीत उभं राहून. गावकुसाबाहेरची भावकीच्या भावकी एकत्र ख्रिस्ती होत होती, त्यामुळे नवरा इकडे नि बायको तिकडे असा प्रकार आमच्याकडे सहसा झाला नाही. पण दुसरंच एक घडलं. रात्रीच्या वर्गात पणजी वाचायला शिकली आणि पणजोबा शिकले नाहीत. त्यांचे डोळे लागायचे. मग घरात शास्त्र वाचायचं कोणी? तिनेच. देवाचा शब्द नवऱ्याला बायकोच्या तोंडून ऐकावा लागला. पौलाने कोणत्या मंडळीला काय लिहिलं, हे पणजोबा तिला विचारायचे, आणि आपल्याला सोयीचं नसेल ते पणजी गाळायची, असा घरातला जुना आरोप आहे. मिशनच्या मडमेने साक्षरतेचे वर्ग काढले तेव्हा हे तिच्या डोक्यातही नसणार.

वरच्या जातीतून आलेल्यांची कथा याच्या अगदी उलट. तिथे विश्वास आला तो घराच्या मधोमध कुऱ्हाड घेऊन. नारायण वामन टिळकांचं नाव आमच्याकडे घरातल्या माणसासारखं घेतलं जाई, कारण रोज संध्याकाळी त्यांचंच गायन तोंडी असायचं. पणजोबांनी त्यांचं कीर्तन ऐकलं होतं. टिळकांचा बाप्तिस्मा फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईला झाला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा माहेरच्या माणसांत. लग्न १८८० मधलं, त्या अकरा-बारा वर्षांच्या असतानाचं. बातमी कळल्यावर त्यांच्यावर जे कोसळलं ते त्यांनी स्वतःच ‘स्मृतिचित्रे’त लिहून ठेवलंय. नवरा जिवंत आहे आणि तरी गेल्यात जमा.

तेव्हाचा कायदा टिळकांच्या बाजूने होता. धर्मांतर केलेल्यांच्या विवाहविच्छेदाचा १८६६ चा कायदा म्हणत होता, की नवऱ्याने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि त्यापायी बायको सलग सहा महिने त्याच्याकडे आली नाही, तर त्याने कोर्टात जावं. न्यायाधीश तिला विचारणार, एक वर्ष थांबणार, आणि तरीही ती नाहीच म्हणाली तर लग्न मोडणार. टिळकांनी ती वाट धरली नाही. पुढे लक्ष्मीबाई नगरला त्यांच्याकडे आल्या त्याही आपलं सोवळं सांभाळत, आणि नवरा ख्रिस्ती म्हणून त्यांच्यावर कोणी ख्रिस्त लादला नाही. जातपात कोणी केली हा प्रश्न त्यांनी स्वतःशी सोडवला, स्वतःच्या पावलांनी, आणि १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळक रागीट, लहरी, घरातलं उचलून दुसऱ्याला देणारे. बाईंनी त्यातलं काहीही झाकलं नाही. आणि त्याच बाईंनी नवऱ्यामागे त्याचं अर्धवट राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य पुढे नेलं.

आजीकडे ‘स्मृतिचित्रे’ची पाठचा पुठ्ठा गेलेली प्रत होती. ती शास्त्राच्या खालोखाल कोनाड्यात असे. आजी वाचताना मध्येच हसायची आणि आजोबांकडे बघायची. त्यांना ते आवडायचं नाही. “काय आहे?” “काही नाही. टिळकांनी परत कोणालातरी घरातलं काढून दिलं.”

तिचा एक शेरा माझ्या लक्षात आहे: “बाईने नवऱ्याला देव केला नाही, म्हणून त्यांचा संसार झाला.” आजी सातवी शिकलेली होती. या वाक्यावर मी पुढे पुष्कळ दिवस विचार करत राहिलो. ज्या घरात देवाची जागा आधीच भरलेली असते तिथे नवऱ्याला ती घेता येत नाही. त्याला माणूस म्हणूनच राहावं लागतं, चुका करत, माफी मागत. निदान तसं व्हावं अशी अपेक्षा असते. अपेक्षा आणि घडणं यांत किती अंतर असतं ते पुढे आत्याच्या निमित्ताने येईलच.

आजी-आजोबांचं लग्न १९३८ मधलं. तीन रविवार देवळात नोटीस वाचली गेली, कोणाची हरकत आली नाही. आदल्या दिवशी घरच्या बायकांनी हळद लावली. मडमेला हळद पटत नसे, म्हणून ती दार लावून लावली आणि सकाळी बेसनाने खरवडून काढली. तरी नवरीचे कान पिवळेच राहिले होते, असं आजोबा सांगायचे. तिला त्यांनी धड पाहिलं ते वेदीपुढेच, आणि पाहिले ते हे पिवळे कान. अंगठी पाळकसाहेबांची होती, विधी झाल्यावर परत गेली. दुखण्यात, गरिबीत एकमेकांना सोडणार नाही ही शपथ मात्र स्वतःची होती, आणि गरिबी तर शपथ संपायची वाटच बघत दाराशी उभी होती.

आता ती गोष्ट, जी आमच्या घरात मोठी आत्या सांगायची आणि आजी तिला निम्म्यावर थांबवायची. साल १९५४. आजोबांनी चुलतभावासाठी जामीन राहून अंगठा नव्हे, चांगली मास्तरी सही ठोकली होती. चुलतभाऊ परागंदा झाला. सावकार शाळेच्या ओट्यावर येऊन बसू लागला, पोरांसमोर. एक दिवस आजी ओढ्यावर धुणं धुवायला गेलेली असताना आजोबांनी ट्रंक उघडली आणि तिने माहेरहून आणलेले चांदीचे तोडे नेऊन सावकारापुढे ठेवले.

आजीने आदळआपट केली नाही. ती प्रार्थनेत गप्प झाली. आपली पाळी आली की नुसतं “आमेन” म्हणायची. आत्या तेव्हा चौदा वर्षांची. ती म्हणायची, की आजी ओरडली असती तर बरं झालं असतं. ते एका शब्दाचं आमेन ऐकून पोरं रडकुंडीला यायची. तीन आठवडे असे गेले आणि महिन्याचा पहिला रविवार आला.

पहिल्या रविवारी प्रभुभोजन. वडाळ्याहून पाळकसाहेब सायकलवर यायचे. प्रभूच्या मेजाशी यायचं तर मनात कोणाबद्दल अढी ठेवायची नाही, आधी जाऊन समेट करायचा आणि मग यायचं, ही शिकवण आमच्याकडे फार कडक पाळली जाई. त्यामुळे शनिवारची रात्र म्हणजे आमच्या घरी महिन्याचा हिशेब. आजोबा आजीपुढे उभे राहायचे आणि विचारायचे, “काही आहे का मनात?” बहुतेक वेळा असायचं. ते सांगून व्हायचं, मग आजी मनुका भिजत घालायची. खेड्यात द्राक्षरस कुठला? काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, पहाटे त्याच पाण्यात हाताने कुस्करायच्या, एक उकळी द्यायची, मलमलीच्या फडक्यातून गाळायच्या. हे काम मास्तरणीचं.

त्या शनिवारी आजोबांनी विचारलं, “काही आहे का मनात?” आजी म्हणाली, “मनुका आणल्यात का?”

पहाटे तिने रस केला. फडकं पिळून पिळून, एक थेंब वाया न घालवता. न्हाऊन, पांढरं लुगडं नेसून देवळात गेली. बायका डाव्या बाजूच्या सतरंजीवर, पुरुष उजव्या. भाकर फिरली, पेला फिरला. आजीपाशी ताट आलं. तिने ते दोन्ही हातांनी घेतलं आणि काहीही न उचलता शेजारणीला दिलं. पेलाही तसाच.

मास्तरणीने प्रभुभोजन घेतलं नाही! आत्या सांगायची, की देवळात कोणी खोकलंसुद्धा नाही. पुरुषांच्या बाजूला आजोबा पहिल्या रांगेत. पाळकसाहेबांच्या शेजारी बसून ताट हातोहात पुढे देणं हे त्यांचं काम. त्यांच्यापाशी ताट परत आलं तेव्हा त्यांनीही काही घेतलं नाही. झाकून ठेवलं.

पाळकसाहेब जेवायला आमच्याकडेच होते. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही, पिठलं-भाकरी खाल्ली, सायकलला टांग मारली आणि गेले. तो माणूस शहाणा होता. त्या रात्री आजोबांनी अध्याय वाचलाच नाही. गुडघे टेकले आणि पोरांसमोर म्हणाले, “प्रभू, मी चोरी केली. माझ्याच घरात केली.” सावकाराचं नाव नाही, चुलतभावाचं नाव नाही, इलाज नव्हता वगैरे काही नाही.

आजीची पाळी आली. बराच वेळ काही ऐकू येईना. मग ती म्हणाली, “प्रभू, तोडे गेले ते गेले. पण विचारलं असतं तर मीच काढून दिले असते, हे तू ह्यांना समजावून सांग.”

तोडे परत आले नाहीत. आजोबांनी नंतर दोनदा पैसे साठवले, एकदा काकाच्या फीला गेले आणि एकदा दुष्काळात.

माझी पुतणी पुण्यात मानसशास्त्र शिकते. हे सगळं ऐकल्यावर तिने मला एक संशोधन वाचायला दिलं. अॅनेट महोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात ९७ जोडप्यांचा अभ्यास करून १९९९ मध्ये ते छापलं. माणूस स्वतःपुरता किती धार्मिक आहे यापेक्षा नवरा-बायको मिळून काय करतात, आणि आपल्या लग्नात देवाचा हात आहे असं दोघांना वाटतं का, यावरून त्यांच्या समाधानाचा आणि भांडणाच्या रीतीचा अंदाज जास्त चांगला येतो, असा त्याचा मथितार्थ. पुतणी म्हणाली, “काका, म्हणजे एकत्र प्रार्थना करणारे सुखी.” मी म्हटलं, की सुखी असतात तेच एकत्र बसत असतील, तसंही असू शकतं. ती म्हणाली, हो, कशामुळे काय झालं ते एवढ्यावरून ठरवता येत नाही. आमच्याकडे तर भांडण जितकं मोठं तितकी प्रार्थना लांब. बाहेरून मोजणाऱ्याला वाटलं असतं, काय सुखी घर आहे!

शिवाय ‘सुखी’ हा शब्द आजी वापरतच नसे. तिचा शब्द ‘समाधान’. शेजारीण सासरहून आलेल्या मुलीबद्दल सांगू लागली की आजी विचारायची, “समाधान आहे ना?” म्हणजे दोन वेळचं मिळतं का, मारत नाही ना, आणि बोललेलं ऐकून घेतात का. या तिन्हींची उत्तरं आजी तोंडाकडे बघून काढायची.

मोठ्या आत्याच्या बाबतीत तिन्ही उत्तरं नाही अशी होती.

तिचं लग्न १९६० मध्ये झालं. स्थळ शहरातलं, पगारदार, सासरा मंडळीत मानाचा. नवरा प्यायचा आणि मारायचा. पगाराच्या दिवशी जास्त. तिथल्या पाळकांनी तिला सांगितलं, प्रार्थना कर, तुझ्या सोसण्याने तो वळेल. तिने सात वर्षं प्रार्थना केली. त्या घरातही रोज रात्री शास्त्र उघडलं जायचं, गायन व्हायचं. ज्या हाताने मारायचा त्याच हाताने पानं उलटायचा, असं ती एकदाच बोलली, भाजी निवडताना, मान वर न करता. गोधडीवर गुडघे टेकलेले होते ते तिचे एकटीचे. तो आपला खुर्चीवर.

दोनदा ती माहेरी आली होती आणि दोन्ही वेळा आजोबांनीच तिला समजावून परत एसटीत बसवलं होतं. लग्नाच्या उपदेशात ते इफिसकरांस पत्राचा पाचवा अध्याय घ्यायचे, बाविसाव्या वचनापासून. बायकांनी नवऱ्याच्या अधीन असावं, ते वचन. १९६७ मध्ये ती तिसऱ्यांदा आली, दोन मुलं आणि एक ट्रंक घेऊन. त्या रात्री आजोबांची प्रार्थना सुरूच होईना. शेवटी म्हणाले, “प्रभू, दोन वेळा मीच हिला बसमध्ये बसवलं. तिकीट मी काढलं.” आत्याची पाळी आली तेव्हा ती म्हणाली, “मला काही मागायचं नाही.” आजीने काय प्रार्थना केली ते आत्याने मला कधीच सांगितलं नाही.

त्यानंतर आजोबा लग्नाच्या उपदेशात तो अध्याय एक वचन आधीपासून वाचू लागले. एकविसाव्यापासून. तिथे पौल सगळ्यांनाच सांगतो, की एकमेकांच्या अधीन असा. वाचून झाल्यावर ते चष्म्यावरून नवरदेवाकडे बघायचे आणि पुष्कळ वेळ बघत राहायचे. एका व्याह्याने पाळकांकडे तक्रारही केली होती, की मास्तर पोराला जावई होण्याआधीच आरोपी करतात.

आत्या परत गेली नाही. सुटली म्हणावं तर तसंही नाही. ख्रिस्ती माणसांना लागू असलेला घटस्फोटाचा कायदा १८६९ चा. नवऱ्याला बायकोचा व्यभिचार एवढं कारण पुरे; बायकोला मात्र व्यभिचाराच्या जोडीला क्रूरता किंवा दोन वर्षांचा त्याग असं आणखी काही दाखवावं लागे. नुसती मारहाण असेल तर वेगळं राहण्याचा हुकूम मिळे, सुटका मिळत नसे. १९९७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने हा भेद मोडला आणि २००१ मध्ये संसदेने कायदाच बदलला. मी आत्याला वर्तमानपत्रातलं वाचून दाखवलं. ती एकसष्ट वर्षांची होती, अंगणवाडीतून निवृत्त झालेली. “बरं झालं,” ती म्हणाली, “पोरींना उपयोगी पडेल,” आणि डाळीतले खडे काढत राहिली. मंडळी तिला शेवटपर्यंत ‘सौ.’ लावून पावती द्यायची. तिने कधी खोडलं नाही. वर्गणी मात्र वेळेवर दिली, आणि पहिल्या रविवारी न चुकता प्रभुभोजन घेतलं. नवरा मेल्याचं कळल्यावरच्या रविवारीही घेतलं. अढी उरली नव्हती का, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

धाकट्या आत्याचं अगदी वेगळं. तिने श्रीरामपूरकडच्या रोमन मुलाशी लग्न केलं. आमच्याकडे कॅथलिक म्हणत नाहीत, रोमन म्हणतात, आणि तेही जरा नाक मुरडून. आजोबांना मूर्ती चालत नव्हत्या, व्याह्यांना मूर्तीशिवाय करमत नव्हतं. सप्टेंबरात हरेगावची मतमाउलीची यात्रा असते, तिला आत्या पहिल्या वर्षी गेली ती बांगड्या घ्यायला जाते असं घरी सांगून. त्यांच्या घरी संध्याकाळी आधी जपमाळ व्हायची आणि मग टिळकांचं गायन. तिच्या नवऱ्याला सूर नव्हता आणि आत्याला मणी मोजता यायचे नाहीत. दोघं एकमेकांच्या चुकांना हसायची. माझ्या पाहण्यातलं सगळ्यात मजेत चाललेलं लग्न ते. त्यावरून काही सिद्धांत काढावा तर त्या नवऱ्याच्याच थोरल्या भावाचं तसंच लग्न दोन वर्षांत फिसकटलं होतं.

१९८८ मध्ये आजी-आजोबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. उपकारस्तुतीची सभा ठेवली. तोवर आमची मंडळी चर्च ऑफ नॉर्थ इंडियात सामील होऊन अठरा वर्षं लोटली होती, देवळाला फरशी आणि पंखे आले होते, बायका-पुरुष एकाच बाकावर बसू लागले होते. मुंबईची, पुण्याची मंडळी आली. काकांनी सगळ्यांत वर्गणी काढून आजीसाठी चांदीचे तोडे आणले होते. तिने डबी उघडून पाहिली, झाकण लावलं आणि मोठ्या आत्याच्या मांडीवर ठेवली.

नवे पाळक तरुण होते. त्यांनी आजोबांच्या सेवेबद्दल भाषण केलं, आदर्श ख्रिस्ती कुटुंब वगैरे. मग म्हणाले, आता आजीबाई साक्ष देतील. साक्ष म्हणजे प्रभूने आपल्या आयुष्यात काय केलं ते उभं राहून सांगायचं. त्यात रडायची पद्धत आहे. मागच्या बाकांवर रुमाल तयार झाले.

आजी उठली. पुढच्या बाकाचा कठडा धरून उभी राहिली.

“पन्नास वर्षांत माझं प्रभुभोजन एकदाच चुकलं,” ती म्हणाली. “ते कोणामुळे, हे प्रभूला ठाऊक आहे.”

आणि खाली बसली.

पाळक वाट बघत राहिले. पुढे काही येईना. आजोबा तेव्हा बहात्तर वर्षांचे, एका कानाने कमी ऐकू यायचं. पण हे त्यांना बरोबर ऐकू आलं होतं. त्यांनी डोळे मिटले, कठड्यावर दोन्ही हात ठेवले आणि सगळ्या देवळाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाले, “आमेन.”

पाळकांनी घाईघाईने गायनाचा नंबर सांगितला.